'फ्यू'च्या आधी घातलेला 'ए'

माझ्या इंग्रजीतल्या चुका कुणी दाखवल्या तर मला राग येत नाही. इंग्रजी ही माझी चौथी भाषा. घरात आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, आर्णीच्या बाजारात वऱ्हाडी, शाळेच्या पुस्तकातली मराठी, आणि त्यानंतर कधीतरी इंग्रजी. चौथ्या भाषेत माणूस अडखळणारच. मी 'मेनी वर्क्स' म्हटलेलं आहे, 'इन्फर्मेशन'ला शेवटी 'एस' लावलेला आहे, आणि ज्यांनी हसत किंवा न हसता ते सुधारलं त्यांची मी आभारी आहे. पण चूक नसताना कुणी माझं वाक्य सुधारलं आणि त्या सुधारणेची झळ भलत्याच माणसांना बसली, तेव्हा मला राग आला. तो अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

गोष्ट 'फ्यू' आणि 'ए फ्यू' या दोन शब्दांची आहे, म्हणून ते मला कुणी शिकवले ते आधी सांगते.

आमच्या तांड्यावर चौथीपर्यंतच शाळा होती. पुढे मी बाभुळगावला मामाकडे राहून शिकले. तिथे आम्हाला इंग्रजीला एक सर होते. पुस्तकातला तो धडा आला तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "घरी पाहुणे आले. माय आतून म्हणते, दूध थोडं हाय. चहा होईल का?"

"होईल," आम्ही म्हणालो.

"आता माय म्हणते, दूध थोडंच हाय. मंग?"

"कोरा चहा."

"झालं. आपल्याकडं मागून 'च' लागते, तिकडं पुढून 'ए' लागते. पण काम उलटं हाय. 'ए' लावला का दूध हाय. 'ए' काढला का दूध नाही, फक्त नाही म्हणायची लाज वाटून राह्यली."

'ए लिटल' आणि 'लिटल', 'ए फ्यू' आणि 'फ्यू', हे त्या दिवसानंतर मी कधी विसरले नाही. पुढे यवतमाळला इंग्रजी घेऊन एम. ए. केलं, जाडजूड व्याकरणाची पुस्तकं वाचली. त्यांत याहून वेगळं काही नव्हतं. फक्त दूध नव्हतं.

एम. ए. झाल्यावर मी आर्णीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलं तितक्या तासांचा पगार, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. त्यामुळे मार्च संपता संपता एका मोठ्या शहरातल्या संस्थेचं काम आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. तालुक्यातल्या काही गावांत आणि तांड्यांवर पिण्याच्या पाण्याची पाहणी करायची होती. लोकांशी बोलायचं आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल इंग्रजीत पानभर लिहून पाठवायचं. ज्या ठिकाणी हाल जास्त, तिथे संस्था मे महिन्यात मोठी टाकी बसवणार आणि टँकरने ती भरून देणार, असं ठरलेलं होतं.

यवतमाळला या कामाच्या समन्वयक ताई बसायच्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "तुला गोरबोली येते आणि इंग्रजीही येतं. असं माणूस आम्हाला सापडत नाही गं." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

एप्रिलच्या मध्यावर मी ज्या तांड्यावर गेले तो डांबरी रस्ता सोडून आत, टेकडीच्या पायथ्याला आहे. विहिरीजवळच्या घरात एक म्हातारी राहायची. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. आमच्यात आईला याडी म्हणतात. तिने आधी मला कोणत्या तांड्याची, कुणाची, कोणत्या गोताची हे विचारून घेतलं. मग म्हणाली, आणि हे मी तिच्या गोरबोलीतून इथल्या बोलीत आणून लिहिते आहे, "मागच्या साली बी एक पोरगा आलता. लिवून घेऊन गेला. काय लिवता तुमी?"

"पाणी किती हाय ते."

"ते आमाले मालूम हाय. तुमी लिवता, मंग पाणी कुठं जाते?"

मी म्हटलं, "मी बराबर लिवीन, याडी."

"लिव. पण पाहून लिव. घरात बसून नोको लिवू."

तिने मला विहिरीवर नेलं. बादली सोडली. दोर सरसर खाली गेला, जातच राहिला, आणि मग पाण्याचा आवाज यायच्या ऐवजी बादली दगडावर घासल्याचा आवाज आला. वर आली तेव्हा बादलीच्या बुडाशी गढूळ पाणी होतं. याडीने ते बाजूच्या गुंडात, म्हणजे घागरीत, ओतलं, त्यावर फडकं टाकलं आणि पुन्हा बादली सोडली. एक गुंड भरायला असं किती वेळा करावं लागतं ते मी विचारलं नाही. दिसत होतं.

तांड्यात एक हापशी होती. तिच्यावर मार्चनंतर मोजक्याच घरांना पाणी मिळायचं, जी अगदी खाली, उताराला होती त्यांना. बाकीच्या बाया टेकडीला वळसा घालून एका शेतातल्या बोअरवर जायच्या, आणि तिथली वीज असेल तेव्हाच पाणी. मी हे सगळं पायांनी फिरून पाहिलं. दुपारी डोकं दुखायला लागलं तेव्हा याडीनेच मला सावलीत बसवलं.

घरी येऊन मी लिहायला बसले. 'फ्यू फॅमिलीज गेट वॉटर फ्रॉम द हँडपंप आफ्टर मार्च. देअर इज लिटल वॉटर इन द वेल.' म्हणजे, मार्चनंतर हापशीवर फारशा कुटुंबांना पाणी मिळत नाही, विहिरीत पाणी जवळजवळ नाहीच. 'नो वॉटर' लिहिण्याचा मोह झाला. पण पाणी अगदीच नाही असं नव्हतं. बादलीच्या बुडाशी होतं, आणि मी पाहून लिहायचं कबूल केलं होतं. इंग्रजीत या नेमक्या परिस्थितीसाठी शब्द आहेत, ते मला येतात, आणि मी ते वापरले. वाक्य वाचून मला समाधान वाटलं. चार भाषांतून वाट काढत याडीची विहीर कागदावर जशीच्या तशी उतरली, असं वाटलं.

मेच्या सुरुवातीला संस्थेचा अहवाल मोबाइलवर आला. मी आर्णीच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहत होते. आधी टाक्या बसणार त्या गावांची यादी पाहिली. तो तांडा यादीत नव्हता. दुसऱ्या एका सदरात होता, आणि त्या सदराचं नाव होतं 'पाणी काही प्रमाणात उपलब्ध'.

मी मागची पानं उघडली. माझं वाक्य तिथे होतं. फक्त त्याची सुरुवात बदलली होती. 'ए फ्यू फॅमिलीज गेट वॉटर.' पुढे, 'देअर इज ए लिटल वॉटर इन द वेल.' काही कुटुंबांना पाणी मिळतं. विहिरीत थोडं पाणी आहे. म्हणजे चहा होईल, पाहुण्यांना बसवा.

सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट ही की आधी मला शंका माझीच आली. आपणच तसं लिहून पाठवलं असेल, घाईत झालं असेल. मी बसस्टँडच्या त्या सिमेंटच्या बाकावर बसून माझा जुना ईमेल शोधला आणि उघडला. 'फ्यू'च्या आधी काही नव्हतं. 'लिटल'च्या आधी काही नव्हतं. मी बरोबर होते. स्वतःवर शंका घ्यायची सवय मात्र मला होती, वाक्य बदलणाऱ्या माणसाला नव्हती.

मी ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाषेचं मी काही पाहिलं नाही गं. ते मुख्य कार्यालयात एक सर पाहतात. सगळ्या नोंदी तेच स्वच्छ करतात." त्यांनी नंबर दिला.

सर सभ्यपणे बोलले. आवाज कुठेही चढला नाही. म्हणाले, "तुमचं लिखाण चांगलं होतं हं. थोडी आर्टिकल्स राहून गेली होती, ती मी घातली."

"राहून गेली नव्हती, सर. मी घातली नव्हती."

"तेच म्हणतोय मी. तुमच्या भागातून जे लिखाण येतं त्यात 'ए' आणि 'द' बहुतेक गाळलेलेच असतात. मी सरसकट घालतो."

"सर, 'फ्यू' आणि 'ए फ्यू'चा अर्थ वेगळा आहे."

"हो, म्हणजे, पुस्तकात आहे तो फरक. पण व्याकरणाने दोन्ही वाक्यं बरोबरच आहेत ना?"

"दोन्ही बरोबर आहेत म्हणूनच तर, सर. एक चुकलं असतं तर कुणीतरी थांबून विचारलं असतं."

"संदर्भावरून कळतंच वाचणाऱ्याला."

"यादी करणाऱ्याला कळलं नाही. तांडा यादीतून गेला."

"मग तुम्ही 'व्हेरी फ्यू' लिहायला हवं होतं. म्हणजे घोटाळाच झाला नसता."

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता यावं म्हणून नंतर मी पुष्कळदा विचार केला. हेच वाक्य एखाद्या शहरातल्या, चांगल्या आडनावाच्या, लहानपणापासून इंग्रजीत शिकलेल्या मुलीने पाठवलं असतं, तर सरांनी वाचून म्हटलं असतं, वा, नेमका शब्द वापरलाय. माझ्याकडून आलं म्हणून त्यांना तिथे शब्द दिसलाच नाही, गाळलेली जागा दिसली. त्यांनी माझं वाक्य वाचलं नाही. माझा पत्ता वाचला. आणि सल्ला काय, तर तुमचं बरोबर असलं तरी आम्हाला कळेल इतक्या मोठ्याने ते लिहा.

मी एवढंच म्हटलं, "अहवाल दुरुस्त करा, सर." ते म्हणाले, "पाहतो. आता सगळं पुढे गेलंय."

त्याच आठवड्यात यवतमाळला एका सभागृहात त्या अहवालावर बैठक होती. पाहणी करणाऱ्या आम्हा मुलामुलींना मागच्या खुर्च्यांवर बसायला बोलावलं होतं. बोलायला नाही. सर स्वतः आले होते, माझ्या कल्पनेपेक्षा तरुण. पडद्यावर एकेक पान दाखवत ते इंग्रजीत सांगत होते. त्या तांड्याचं पान आलं तेव्हा ते पुढे सरकणार तेवढ्यात मी उभी राहिले. मला राग आला की आवाज बारीक होतो, तसा तो झाला.

"सर, हे वाक्य माझं नाही."

सगळे मागे वळले. सरांनी मला ओळखलं असावं. ते मराठीत म्हणाले, "ती एक भाषेची बारीकशी गोष्ट आहे. आपण नंतर बोलू."

"नंतर मे संपते, सर." घाबरले की माझी बोली वर येते. मी ती आवरली नाही. "मी लिवलं होतं की विहिरीत पाणी नसल्यासारखं हाय. तुमी लिवलं की थोडंफार हाय. मी विहिरीवर गेलती. तुमी गेले होते काय?"

कुणीतरी हसलं. माझ्या बोलीला की प्रश्नाला, कोण जाणे. सर म्हणाले, एका अक्षरासाठी इतकं भावनिक होण्याची गरज नाही. हा 'भावनिक' शब्द मला अजून बोचतो. व्याकरण मी सांगत होते. सरसकट अंदाज ते करत होते. आणि भावनिक मी.

तेव्हा पहिल्या रांगेतून ताई उठल्या. त्या हळू आवाजात बोलल्या, पण पूर्ण सभागृहाला ऐकू गेलं. "यादी माझ्या सहीने गेली आहे. मी उद्या त्या तांड्यावर जाते आणि पाहून येते. तोपर्यंत ती यादी कच्ची समजा." आणि त्या खाली बसल्या. पान पुढे सरकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. याडी दारातच होती. ताईंनी विहिरीत वाकून पाहिलं. त्यांनी स्वतः बादली सोडली, ओढून वर घेतली, आणि बुडाशी आलेलं गढूळ पाणी याडीच्या गुंडात ओतलं. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "मी आधीच यायला हवं होतं." मी हो म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून नाही म्हणायला हवं होतं कदाचित, पण त्या दिवशी माझ्यात तेवढी माया उरली नव्हती.

टाकी आली. पण दुसऱ्या टाक्या बसवून झाल्यावर, मे सरत आला तेव्हा. पहिला टँकर आला त्या दिवशी मी गेले होते. बाया गुंड घेऊन उभ्या होत्या, पोरं टाकीच्या गारव्याला गाल लावत होती. मला वाटलं होतं याडी काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, "आता आली? आता तर आभाळ बी येऊन राह्यलं. उन्हाळा तर आमी काढला."

"तिकडं लिवताना चूक झाली, याडी."

"तू केली?"

"नाही."

"मंग तू काहून तोंड पाडून राह्यली? ज्यानं केली त्याले आण इथं."

त्याला मी कसं आणणार होते? तिला 'ए' काय असतो ते समजावून सांगावं असं क्षणभर मनात आलं, आणि लगेच मला त्या विचाराचीच चीड आली. तिने हे समजून का घ्यायचं? चूक तिच्या विहिरीत नव्हती.

पावसाळ्यात छापील अहवाल घरी आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर गुंड घेतलेल्या बाईचं छायाचित्र. त्या तांड्याचं पान मी आधी काढलं. 'ए फ्यू' तिथेच होता, 'ए लिटल' तिथेच होता. शेवटी आभाराच्या पानावर भाषा अधिक नेटकी केल्याबद्दल सरांचे आभार होते. आम्ही सगळे पाहणी करणारे मिळून 'स्थानिक सहकार्य' या दोन शब्दांत बसलो होतो. मी संस्थेला ईमेल केला, इंग्रजीत, एकेक आर्टिकल तपासून. उत्तरात कामाबद्दलचं प्रमाणपत्र आलं. दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये ताईंचा पुन्हा फोन आला. पाहणी पुन्हा करायची होती. मी म्हटलं, एका अटीवर करीन. माझ्या लिखाणातला शब्द बदलायचा असेल तर आधी मला विचारा, आणि हे मला लेखी द्या.

"मी तुला शब्द देते," ताई म्हणाल्या. "लेखी नाही मिळणार गं. मुख्य कार्यालयात सगळ्यांच्या नोंदी एकाच पद्धतीने पाहतात. तुझ्या एकटीसाठी नियम कसा करणार?"

"माझ्या एकटीसाठी नका करू. सगळ्यांसाठी करा."

त्या हसल्या, थकल्यासारख्या. मी नाही म्हटलं. नंतर कळलं की माझ्या जागी दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुलाला घेतलं. त्याला गोरबोली येत नव्हती. आपण नकार देऊन चूक केली का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण हो म्हणून पुन्हा तेच पाहणं मला जमलं नसतं.

त्याऐवजी मी तांड्यावर गेले आणि याडीच्या ओट्यावर बसून पंचायत समितीला द्यायचा अर्ज लिहिला, मराठीत. बाया भोवती बसल्या होत्या. कुणी सह्या केल्या, कुणी अंगठे उठवले. लिहिताना माझा हात एका जागी थांबला. विहिरीत थोडंच पाणी आहे, हे खरं होतं. तेवढंच नेमकं होतं. पण साहेबाच्या टेबलावर तो 'च' कुणाच्या नजरेत भरेल, कोण तो वाचेल, कोण घाईत गिळून टाकेल, याचा मला भरवसा उरला नव्हता. बाभुळगावच्या सरांनी शिकवलेलं, यवतमाळला पुस्तकांतून पक्कं केलेलं सगळं बाजूला ठेवून मी लिहिलं, 'तांड्यावर पाणी नाही.'

याडीने विचारलं, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बुडाशी हाय ना थोडं."

"हाय. पण तसं लिवलं तर देत नाहीत."

तिने मान हलवली आणि अंगठा पुढे केला. मी शाईचं पॅड उघडलं. मला इतका राग आला होता की पॅडचं झाकण हातातून खाली पडलं.